नवा राउटर आणि न उघडणारीं पानें

घरांतील जुनी वस्तु जाऊन नवी आली म्हणजे कांहीं दिवस सर्वांचीच पंचाईत होते, हा अनुभव कोणत्याहि कुटुंबास अपरिचित नाहीं. नव्या शेगडीवर पहिले चार दिवस भात करपतो; नव्या कुलपाची किल्ली उलटीच फिरवली जाते. परंतु या वस्तूंचें अडणें डोळ्यांस दिसतें. राउटर नांवाची जी लहानशी पेटी आज बहुतेक सुशिक्षित घरांत भिंतीवर किंवा कपाटाच्या माथ्यावर बसलेली असते, तिचें तसें नाहीं. ती बदलली, तिचे दिवे हिरवे लागले, मोबाइलवर निरोपहि येऊं लागले, आणि तरीहि पाहिजे तें पान मात्र उघडत नाहीं, असा प्रकार झाला म्हणजे चांगलीं शिकलेलीं माणसेंहि गोंधळून जातात. मग जो तो आपापल्या मतीप्रमाणें दोष वांटूं लागतो. कोणी पेटी विकणाऱ्यास बोल लावतो, कोणी पावसाला, आणि पुष्कळदां तर ज्यानें ती पेटी उत्साहानें आणली त्या घरच्याच मुलाला.

पनवेलहून माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याकडे जाऊं लागलें म्हणजे नेरे गांव लागतें. गाढी नदीचें हें खोरें पावसाळ्यांत मोठें रमणीय दिसतें, आणि कुष्ठरोग निवारण समितीच्या शांतिवनामुळें गांवाचें नांव महाराष्ट्रांत अनेकांस ठाऊक आहे. तेथें आमच्या परिचयाचें एक एकत्र कुटुंब राहतें. नाना निवृत्त शिक्षक, त्यांचा थोरला मुलगा पनवेलीस नोकरीला, धाकटा पुण्यास, थोरल्या सूनबाई गणिताच्या पदवीधर, आणि थोरली नात यंदा अभियांत्रिकीच्या प्रवेशाच्या खटपटींत. आषाढांतील एका रात्रीं जवळच कोठेंतरी वीज पडली. दिव्यांना कांहीं झालें नाहीं, परंतु राउटर कायमचा गेला. सकाळीं थोरल्यानें पनवेलीहून नवा आणला. जोडणी देणाऱ्याचा माणूस आला, त्यानें सदस्यनाम व संकेतशब्द भरला, दिवा हिरवा झालेला पाहिला आणि तो निघून गेला. नातीच्या पर्याय-अर्जाची मुदत त्याच दिवशीं सायंकाळीं पांचला संपत होती, आणि गांवाजवळचा मोबाइलचा मनोरा रात्रीपासून मुका झालेला होता.

दुपारचे बारा वाजले तेव्हां घरांतील स्थिति अशी होती. मोबाइलवर निरोप जात होते, पुण्याच्या दिरांशीं वायफायवरून बोलणेंहि होत होतें. शोधयंत्राचें पान चटकन् उघडत होतें. परंतु प्रवेशाचें संकेतस्थळ आणि बँकेचें संकेतस्थळ यांचें चाक नुसतें फिरत राही. नानांच्या संगणकावर तर एकहि पान उघडेना. छापण्याचें यंत्रहि रुसलें होतें.

"सूनबाई, पेटी फसवी आहे. परत करून या," असें नानांचें मत पडलें.

पुण्याहून दीर म्हणाले, "वहिनी, एकदां बंद करून पुन्हां चालू करून पाहिलीत का?"

"चार वेळां पाहिली, भाऊजी. आतां पांचव्यांदा करीत नाहीं. वही घेऊन बसतें."

वही घेऊन त्यांनीं जें केलें तें आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें. त्यांनीं पानावर चौकटी आंखल्या. डाव्या बाजूस घरांतील उपकरणें लिहिलीं आणि वरच्या बाजूस चार संकेतस्थळें. आणि प्रत्येक उपकरणावर प्रत्येक स्थळ उघडून पाहून 'होय' किंवा 'नाहीं' अशी खूण केली. दहा मिनिटांत दिसून आलें कीं, घरांत एक दोष नसून दोन होते. प्रवेशाचें व बँकेचें स्थळ सर्वच उपकरणांवर अडत होतें. तेव्हां तो दोष राउटरचा अथवा त्याच्या पलीकडचा. आणि नानांच्या संगणकावर सर्वच स्थळें अडत होतीं. तेव्हां तो दोष त्या संगणकाचा. दोन दुखणीं एकाच वेळीं झालेल्या रोग्याला एकाच औषधानें बरें करूं पाहणारा वैद्य जसा फसतो, तसें त्या घराचें सकाळपासून चाललें होतें.

हे दोष समजण्यासाठीं ही पेटी करते तरी काय, तें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. बाहेरच्या जगाच्या दृष्टीनें आपल्या घरास एकच आंकडी पत्ता असतो. जुन्या पद्धतीचे हे पत्ते सगळे मिळून सुमारें चारशें एकोणतीस कोटीच होतात, आणि ते जगास पुरणार नाहींत हें गेल्या शतकाच्या अखेरीस लक्षांत आलें. म्हणून १९९६ मध्यें कांहीं पत्ते केवळ घरगुती व कचेरींतील उपयोगासाठीं राखून ठेवण्याची व्यवस्था नक्की झाली. १९२.१६८ पासून सुरू होणारे पत्ते हे त्यांपैकींच होत. वाड्याचा पत्ता एक, परंतु आंत बिऱ्हाडें दहा, आणि आलेलें टपाल ज्याचें त्याला पोंचविणारा एक कारकून दाराशीं बसलेला, असा हा प्रकार आहे. राउटर म्हणजे तो कारकून. तो बिऱ्हाडांना क्रमांक देतो, बाहेर जाणाऱ्या पत्रावर वाड्याचा पत्ता घालतो, आणि उत्तर आलें म्हणजे तें योग्य खोलींत नेऊन देतो. कारकून बदलला कीं क्रमांकांची पद्धत बदलूं शकते; कारण प्रत्येक कारखानदार आपल्या पेटीला आपल्या आवडीचा पत्ता देऊन ती विकतो.

नानांच्या संगणकाचें मर्म येथेंच होतें. संकेतस्थळाचें नांव आपण अक्षरांनीं लिहितों, परंतु यंत्राला लागतो आंकडा. नांवावरून आंकडा काढून देणारी जी व्यवस्था तिला डीएनएस म्हणतात. प्रारंभीं जगांतील सर्व यंत्रांचीं नांवें एकाच यादींत असत, ती यादी अमेरिकेंतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत ठेवीत, आणि ज्याला पाहिजे तो तिची प्रत उतरून घेई. यंत्रें वाढलीं तशी ती यादी अपुरी पडूं लागली, आणि १९८३ मध्यें पॉल मोकापेट्रिस यांनीं सध्यांची वांटून दिलेली पद्धति आंखली. साधारणतः राउटरच घरांतील उपकरणांना सांगतो कीं, नांवांची चौकशी अमुक ठिकाणीं करा. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं कोणा जाणत्यानें नानांच्या संगणकांत तें चौकशीचें ठिकाण हातानें लिहून ठेविलें होतें: १९२.१६८.०.१, म्हणजे त्या वेळच्या राउटरचाच पत्ता. नव्या राउटरचा पत्ता निघाला १९२.१६८.१.१. बिचारा संगणक प्रत्येक नांव घेऊन जुन्या कारकुनाच्या रिकाम्या खुर्चीपुढें उभा राही आणि उत्तराची वाट पाही.

हें ओळखण्याची खूण सोपी आहे. प्रत्येक संगणकांत 'पिंग' नांवाची एक आज्ञा असते. दारावर टिचकी मारून 'आहे का कोणी?' असें विचारण्याचाच तो प्रकार. एखाद्या आंकडी पत्त्यास, उदाहरणार्थ १.१.१.१ यास, टिचकी मारली तर उत्तर येतें, आणि तेंच एखाद्या स्थळाचें नांव घेऊन मारली तर येत नाहीं, असें झालें म्हणजे रस्ता मोकळा असून नांवांचीच चौकशी तुंबली आहे असें खुशाल समजावें. सूनबाईंनीं त्या संगणकांतील हस्तलिखित पत्ता पुसून 'आपोआप मिळवावा' असा पर्याय निवडला, आणि नानांचें पंचांगाचें पान उघडलें. छापण्याच्या यंत्रालाहि असाच जुना पत्ता डकवलेला होता. तोहि नवा दिला. नानांनीं पेटीवरील फसवेपणाचा आरोप मात्र मागें घेतला नाहीं, कारण प्रवेशाचें पान अजून उघडलें नव्हतें.

दुसरा दोष अधिक चमत्कारिक, आणि आमच्या मतें राउटर बदलल्यानंतरच्या तक्रारींत सर्वांत फसवा आहे. इंटरनेटवरून जाणारा मजकूर अखंड जात नाहीं. त्याचीं लहान लहान पुडकीं होतात. घरांतील तारेवर एका पुडक्याचें कमाल माप १५०० बाइट्स असतें. परंतु सदस्यनाम व संकेतशब्द देऊन जोडणी करण्याची जी पीपीपीओई नांवाची पद्धति आहे, तिचें वेष्टण ८ बाइट्स खातें, उरतात १४९२. जोडणी देणाऱ्याच्या जाळ्यांत पुढें आणखी एखादें वेष्टण चढत असेल तर माप आणखी घटतें. या मापाला एमटीयू म्हणतात. मोठें पुडकें अरुंद दारापाशीं आलें म्हणजे दारावरच्यानें 'हें मावत नाहीं, लहान करून पाठवा' असा उलट निरोप द्यावा असा नियम आहे. परंतु कित्येक ठिकाणीं सुरक्षिततेच्या अतिरेकी कल्पनेनें हे उलट निरोपच अडविलेले असतात. मग पाठविणारा तेंच पुडकें पुनःपुन्हां पाठवितो, तें पुनःपुन्हां दाराशीं पडतें, आणि आपल्याकडे चाक फिरत राहतें.

याचा परिणाम असा कीं, लहान निरोप बिनतक्रार जातात. टिचकी पोंचते, गप्पागोष्टींचे निरोप पोंचतात, बोलणेंहि पोंचतें. कांहीं मोठीं संकेतस्थळें ही अडचण गृहीत धरून आपलीं पुडकीं लहानच बांधतात, म्हणून शोधयंत्र उघडतें. अडतात तीं नेमकीं सरकारी कामाचीं, बँकेचीं, परीक्षेचीं स्थळें. घरांतल्या माणसाला वाटतें, 'इंटरनेट तर चालतें आहे, तेव्हां त्या स्थळाचाच बिघाड असेल,' आणि तो मुदत संपेपर्यंत स्वस्थ बसतो. जोडणी देणाऱ्याचा माणूसहि शोधयंत्र उघडून दाखवितो आणि जातो. दोघेहि आपापल्या परी प्रामाणिक असतात, आणि अर्ज तेवढा राहतो.

याची परीक्षा त्याच टिचकीच्या आज्ञेनें करतां येते. पुडकें न फोडतां पाठवावयाचें, अशी अट घालून त्याचें माप सांगतां येतें. १४६४ बाइट्सचें पुडकें धाडलें, त्यांत शीर्षकाचे २८ मिळविले, म्हणजे १४९२ होतात. तें गेलें नाहीं तर माप थोडें थोडें उतरवीत जावें. नेरे येथें १४६४ गेलें नाहीं, १४४० गेलें नाहीं, १४१२ गेलें. त्यांत २८ मिळवून १४४० हा आंकडा सूनबाईंनीं राउटरच्या एमटीयूच्या रकान्यांत लिहिला, पेटी पुन्हां चालू केली, आणि अडीच वाजतां प्रवेशाचें पान उघडलें. जुन्या पेटींत हाच आंकडा धाकट्या दिरांनीं पूर्वीं कधींतरी घालून ठेविला असला पाहिजे; त्यांना स्वतःला तें आठवत नव्हतें. हा आंकडा प्रत्येक घरीं निराळा असूं शकतो. दुसऱ्याचा उतरून घेऊं नये, आणि अडचण नसेल तर त्या रकान्याला हात लावूं नये.

आतां इतर कारणें. पेटीच्या मागें बाहेरच्या तारेसाठीं एक निराळें भोंक असतें, बहुधा निराळ्या रंगाचें; तार चुकून शेजारच्या भोंकांत गेली तर दिवे लागतात पण कांहींच उघडत नाहीं. ज्या घरीं जोडणी देणाऱ्याची पेटी स्वतःच राउटरचें काम करते, तेथें आपला दुसरा राउटर मागें लावला म्हणजे एका दारावर दोन कारकून बसतात. त्यांत दोघांचाहि पत्ता १९२.१६८.१.१ असला तर गोंधळास पारावार राहत नाहीं. अशा वेळीं एकाचा पत्ता बदलावा, किंवा आपल्या पेटीस केवळ वायफाय पसरविण्याचें काम द्यावें. आणखी असें कीं, कांहीं जोडणी देणारे जुन्या पेटीचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यांत कोरलेला ओळखक्रमांक, आपल्या दप्तरांत नोंदून ठेवतात. नवी पेटी त्यांना परकी वाटते. त्यांस दूरध्वनि करून नवा क्रमांक कळविला कीं काम होतें. पेटीच्या तळाशीं तो छापलेला असतो; पेटी भिंतीवर ठोकण्यापूर्वींच तो उतरून घ्यावा, नाहींतर पुन्हां खिळे काढावे लागतात.

आय.पी.ची जी नवी सहावी आवृत्ति आहे तिच्यामुळेंहि एक घोटाळा होतो. नव्या पेटींत ती चालू असते, जोडणी देणाऱ्याकडे ती अर्धवट असते. ब्राउझर आधीं त्या वाटेनें जाऊं पाहतो व अडखळतो. पानें उघडतात, पण उशिरा उशिरा. ती तात्पुरती बंद करून फरक पडतो का तें पाहावें.

ब्राउझरनें 'हें स्थळ सुरक्षित नाहीं' असा इशारा दिला तर प्रथम संगणकाचें घड्याळ पाहावें. वीज जाऊन तारीख मागें गेली असेल तर खरीं प्रमाणपत्रेंहि त्याला खोटीं वाटतात. तारीख बरोबर असूनहि इशारा येत असेल तर मात्र तो डावलून बँकेच्या पानावर कदापि जाऊं नये.

वायफायविषयीं फारसें सांगण्यासारखें नाहीं. पांच गिगाहर्ट्झची लहर वेगवान पण भिंतींपुढें दुबळी, दोन पूर्णांक चार गिगाहर्ट्झची मंद पण दूरवर जाणारी. कौलारू घराला जाड भिंती असतील तर माजघरापलीकडे पहिलीचा भरंवसा धरूं नये. नव्या पेटीला जुनेंच नांव व जुनाच संकेतशब्द दिला तर घरांतील सगळीं उपकरणें आपण होऊन जोडलीं जातात, अशी युक्ति पुष्कळ लोक सांगतात. ती खरी आहे. परंतु तो संकेतशब्द गेल्या गणपतींत आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ठाऊक झालेला असेल, तर एक दुपार खर्चून सर्वांना नवा देणें आम्हांस अधिक बरें वाटतें.

वायफायच्या या संकेतशब्दाहून निराळा असा एक संकेतशब्द पेटीच्या व्यवस्थेचा असतो, आणि तो बदलावयाचें बहुतेक घरीं राहून जातें. त्याचें मोल काय हें दाखविणारा एक मोठा प्रसंग जगानें पाहिला आहे. 'डीएनएसचेंजर' नांवाच्या एका दुष्ट प्रणालीनें शंभरांहून अधिक देशांतील सुमारें चाळीस लाख संगणकांत शिरून नांवांच्या चौकशीचा पत्ता बदलून टाकला होता. ज्या राउटरांचा कारखानदारानें दिलेला संकेतशब्द तसाच होता त्यांतहि ती हात घाली. नांव विचारावें बँकेचें आणि उत्तर द्यावें भामट्यानें, अशी ती योजना. नोव्हेंबर २०११ मध्यें अमेरिकेच्या एफबीआयनें ती टोळी उघडकीस आणली. परंतु भामट्यांचे चौकशी-संगणक एकदम बंद केले असते तर लाखों निरपराध लोकांचीं पानें उघडेनाशीं झालीं असतीं. म्हणून न्यायालयाच्या आज्ञेनें त्यांच्या जागीं खरे चौकशी-संगणक कांहीं महिने चालवावे लागले. ते ९ जुलै २०१२ रोजीं बंद झाले. तोंपर्यंत ज्यांनीं आपलीं यंत्रें तपासलीं नव्हतीं त्यांची तार शाबूत, दिवे हिरवे, आणि पानें मात्र बंद, अशी अगदीं नानांच्या संगणकासारखीच अवस्था झाली.

पेटीच्या व्यवस्थेचें पान घरांत एकट्यालाच ठाऊक असणें हेंहि धोक्याचें आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें सामान्य जनतेस इंटरनेट खुलें केलें, तेव्हां तें थोड्याशा हौशी पुरुषांचें खेळणें होतें, आणि घरांतील इतरांनीं त्याच्याकडे दुरून पाहावें अशी रीत पडली. आज घरची भाजी, वीजबिल, मुलांचा अभ्यास आणि वडिलांचें निवृत्तिवेतन एवढ्या गोष्टी त्या पेटींतून जातात. पण किल्ली मात्र अजून पुष्कळ घरीं परगांवीं असलेल्या मुलाच्या स्मरणांत असते. नेरे येथील सूनबाईंनीं त्या दिवशीं अर्ज भरून झाल्यावर जी वही केली ती दुधाच्या हिशोबाच्या वहीशेजारीं ठेविली आहे. तींत जोडणीचें सदस्यनाम, राउटरचा पत्ता, मॅक पत्ता, १४४० हा आंकडा व तो कां घातला याची एक ओळ, छापण्याच्या यंत्राचा पत्ता, आणि जोडणी देणाऱ्याचा दूरध्वनि इतकें आहे. संकेतशब्द निराळ्या पाकिटांत, देवघराच्या कपाटांत. आतां नानांनाहि पिंग करतां येतें, आणि ते तें गरजेपेक्षां थोडें अधिकच करतात.

एक शेवटची सूचना जुन्या पेटीविषयीं. ती विजेनें जळली असली तरी तिच्या पोटांत आपलें सदस्यनाम व संकेतशब्द शिल्लक असूं शकतात. ती चालू होत असेल तर मागच्या बारीक भोंकांत टांचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरावी, म्हणजे सर्व लिखाण पुसलें जाऊन ती कारखान्यांतून आली तशी होते. त्यापूर्वीं तिच्यांतील आंकडे वहींत उतरून घ्यावे. चालूच होत नसेल तर ती भंगारवाल्याला न देतां विद्युत-कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणीं द्यावी. घरच्या विजेचा दाब उतरवून देणारा जो लहान काळा ठोकळा तिच्या तारेला असतो तो मात्र नव्या पेटीस लावून पाहूं नये. टोंक बसलें तरी व्होल्टचा आंकडा जुळतो असें नाहीं.